शेवंताआक्कांचा अभिप्राय

यंदाच्या माघातही माझ्या रानात मेंढरं आली नाहीत. अभिप्राय मात्र ढिगानं आले.

दिवाळीत माझी दुसरी कादंबरी निघाली, 'कोंडीबा परत येतो'. काही वर्षांपूर्वी 'कोंडीबाचं यान' आली होती, तिचा हा पुढचा भाग. मुखपृष्ठावर 'विनोदी विज्ञान कादंबरी' असं ठळक छापलेलं आहे. तसं छापलं नाही तर लोकांना विनोद ओळखू येत नाही आणि विज्ञान तर त्याहून येत नाही, असं प्रकाशकांचं म्हणणं पडलं. मी पलूसला एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आठवडाभर प्रकाशाचं परावर्तन शिकवायचं आणि रविवारी परग्रहावरच्या लोकांना माणदेशी मेंढपाळाच्या हाताखाली भाकरी थापायला बसवायचं, असा माझा दुहेरी संसार आहे. त्यातला कुठला खरा, असं आमच्या सौभाग्यवती सुनंदा अधूनमधून विचारतात. मी विषय बदलतो.

पहिला भाग न वाचलेल्यांची संख्या मोठी आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांबच्या एका ग्रहावरची माणसं पृथ्वीचा कारभार कसा चालतो हे शिकायला यान घेऊन येतात. इथला सर्वांत मोठा राज्यकर्ता उचलून न्यायचा, असा त्यांचा बेत असतो. वरून दुर्बीण लावून सगळा मुलूख तपासला तर जिथं तिथं माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडताना दिसतात. फक्त माणच्या एका माळावर वेगळंच दृश्य दिसतं. एक माणूस खांद्यावर घोंगडं टाकून पुढं चाललेला आहे आणि त्याच्या मागून सव्वाशे जीव माना खाली घालून, एका शब्दानं तक्रार न करता निघालेले आहेत. एवढी एकनिष्ठ प्रजा असलेला राजा हाच, अशी त्यांची खात्री पटते. मग ते कोंडीबाला प्रजेसकट उचलतात. पहिल्या भागाच्या शेवटी कोंडीबा त्या ग्रहावर मुख्य सल्लागार होऊन बसतो आणि यान पृथ्वीकडे यायचा रस्ता विसरतं. मला तो शेवट फार आवडला होता.

आता दुसऱ्या भागावर लोक काय म्हणतात ते ऐका. वाईहून एका गुरुजींचा फोन आला. कृष्णेच्या घाटाजवळ राहतात, आवाज खणखणीत. म्हणाले, "तुम्ही त्या ग्रहाला दोन चंद्र दिलेत आणि कोंडीबा तिथं एकादशी धरतो असंही लिहिलंत. आता ती एकादशी कुठल्या चंद्राची धरायची? एकावर एकादशी असेल तेव्हा दुसऱ्यावर चतुर्थी पडू शकते. मग त्यानं उपास सोडायचा कधी?" मी म्हटलं, गुरुजी, तुम्हीच तोडगा सांगा. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आहेत. साताऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीनं पाच पानांचं गणित पाठवलं. मी दिलेल्या वेगानं कोंडीबा निघाला तर तो घरी पोचेपर्यंत त्याच्या नातवाच्या नातवाचंही नाव कुणाला आठवणार नाही, असा त्या गणिताचा निष्कर्ष होता. गणित मी तीनदा तपासलं. तिचंच बरोबर निघालं आणि विज्ञानशिक्षक म्हणून मला दिवसभर जेवण गेलं नाही.

सांगलीच्या एका वाचनालयात दोऱ्याला बांधलेली अभिप्रायवही आहे. तिथं लोक बहुधा 'पुस्तक चांगले आहे' एवढंच लिहितात, स्वयंपाकाच्या पुस्तकालाही आणि चरित्रालाही. माझ्या पुस्तकाखाली मात्र एका सेवानिवृत्त गृहस्थांनी अर्धं पान लिहिलं होतं. 'पहिल्या भागाची मजा दुसऱ्यात नाही. पहिल्यात लेखक हसवतो, दुसऱ्यात लेखकाला कुणाची तरी आठवण येत असावी, असे वाटते. शेवट रडका झाला आहे.' खाली वळणदार सही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाळीसेक अंगठे आले. त्यातल्या कुणीही पुस्तक वाचलेलं नाही, हे मी त्यांच्या दहावीच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या असल्यामुळे खात्रीनं सांगू शकतो.

हे सगळं वाचून मी हसलो, चिडलो, दोघातिघांना उलट उत्तरंही लिहिली. पण खरं सांगायचं तर यातल्या एकाही अभिप्रायाची मी वाट बघत नव्हतो. मी वाट बघत होतो ती एकाच वाचकाची, आणि ती वाचक यंदाही माझ्या रानात आली नव्हती.

माघ निम्मा सरला की आमच्याकडची हवा बदलते. सकाळी थंडी असते, पण तिच्यात जोर नसतो. द्राक्षाच्या बागा उतरायला लागलेल्या असतात, बेदाण्याच्या शेडवर जाळ्यांचे मजले चढतात आणि तिकडून आंबूस गोड वास येतो. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून कारखान्याकडे चाललेल्या असतात. शाळूची कणसं टपोरी झालेली असतात आणि शाळेत दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा डोक्यावर बसलेल्या असतात. या दिवसांत मी प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या मोजत असलो तरी कान बाहेर लागलेला असतो. अजूनही असतो. कुत्री एकदम भुंकायला लागली, लांबून घोड्याच्या गळ्यातली घंटा वाजली की आत काहीतरी उठून बसतं. मग कळतं, तो शेजारचा लग्नाचा घोडा आहे.

कॅनॉलच्या पलीकडे माझं दीड एकर रान आहे. ऊस निघाला की त्यात मेंढरं बसवायची, ही वडिलांपासूनची रीत. माणकडचे मेंढपाळ दिवाळी झाली की पाण्याच्या मुलखाकडे उतरतात आणि वाटेतल्या रानांत चारआठ दिवस मुक्काम करतात. मेंढरांच्या लेंड्यांनी रानाला खत मिळतं, त्यांना शाळू मिळतो. पहिला भाग निघाला त्याच्या पुढच्या वर्षी जो वाडा आला तो बिराभाऊंचा. मेंढपाळांच्या मुक्कामाला वाडाच म्हणतात, पण त्याला भिंत नसते आणि छप्परही नसतं. आधी घोडी आली. घोडीच्या पाठीवर संसार, संसारावर बाज, बाजेवर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एका टोपलीत डोळे न उघडलेली कुत्र्याची पिल्लं. लगाम धरून बिराभाऊंच्या पत्नी चालत होत्या. त्या शेवंताआक्का.

पाऊण तासात त्यांनी उघड्या रानाचं घर केलं. तीन दगडांची चूल झाली. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, खुंट्यांना ताणून झाली. पाण्याच्या घागरी बाभळीच्या सावलीला लागल्या. माझ्या घरात एक खिळा ठोकायचा तर तीन रविवार जातात, त्यामुळे मी बांधावर उभा राहून बघतच राहिलो. दिवस कलला तशी मेंढरं परतली आणि दिवसभर वाड्यावर राहिलेली कोकरं त्यांच्यात सोडली. त्या वेळचा कालवा ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. शेकडो आया आणि शेकडो लेकरं एकाच वेळी एकमेकांना हाका मारत असतात आणि प्रत्येकीला आपलंच सापडतं. थोड्या वेळानं सगळं गप्प होतं आणि नुसता दूध ओढल्याचा आवाज येत राहतो.

दुसऱ्या दिवशी आक्का पाणी न्यायला घरी आल्या आणि चूल पेटवायला कागद मागितला. सुनंदानं पलंगाखालचा रद्दीचा गठ्ठा दिला. त्यात 'कोंडीबाचं यान'ची तपासून झालेली मुद्रितं होती. पुस्तक बाहेर पडून वर्ष झालं होतं, त्यामुळे त्यांचा तसा काही उपयोग उरला नव्हता. खपाचा विचार केला तर पुस्तकाचाही फारसा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून हात धूत होतो तर आक्का दारात. हातात पानं.

"मास्तर, एकेचाळीस नंबरचं पान हाय का तुमच्याकडं?"

मला काही उमगेना.

"चाळीस हाय, बेचाळीस हाय. मदलं कुणी तरी चुलीत घातलं. चाळीसवर त्याला मेंढरासकट उचलत्यात आन बेचाळीसवर त्यो त्या लोकास्नी भाकरी थापाय शिकवतोय. मदी काय झालं?"

आजवर मला बक्षीस मिळालेलं नाही. पण बक्षीस मिळाल्यावर काय वाटत असेल, हे त्या क्षणी मला कळलं. मी आत जाऊन अख्खं पुस्तक आणलं. आक्का सातवीपर्यंत शिकलेल्या. आईवडलांचा वाडा हिंडता असताना त्यांना मामाकडं ठेवलं होतं, तिथं शाळा झाली. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, वजन बघितलं आणि विचारलं, "ह्ये सगळं तुमी लिवलंय? येवढा येळ कसा घावला?" सुनंदा आतून हसली.

मग रोज दुपारी कोकरांना पाणी पाजून बाभळीखाली बसवलं की आक्का वाचायला बसत. वाड्यातल्या बायका, कडेवरची लेकरं, सगळी गोळा होत. आक्का बोट ठेवून, मोठ्यानं, प्रत्येक शब्दाला सारखंच महत्त्व देऊन वाचत. शाळेत मधली सुट्टी झाली की मी सायकल मारत रानात जाई आणि काही काम असल्यासारखा बांधावर घुटमळत राही. कुणी शेळीची धार काढता काढता, कुणी लोकरीचं सूत काढता काढता, माझी वाक्यं ऐकत होती. जिथं हसावं असं मला वाटलं होतं तिथं कुणी हसत नव्हतं. जिथं मी अगदी गंभीर होतो तिथं सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. ऊन पाठीवर घेत, कोकरांच्या अंगाचा तो ओला उबदार वास नाकात घेत मी तिथं उभा राहिलो त्या चार दुपारी आयुष्यात पुन्हा आल्या नाहीत. आल्या असत्या तर मी हे लिहीत बसलो नसतो.

वाचून थांबलं की आक्का झाडा घेत.

"सव्वाशे मेंढरं न्हेली म्हंता. मग पाणी कुठं पाजलं? तीन पानं झाली, कुणी पाण्याचं नाव काढंना."

मी म्हटलं, "आक्का, यानात व्यवस्था असंल काही तरी."

"आसंल म्हंजी? तुमी लिवलंय न्हवं? आन कुत्रं कुठाय? कुत्र्याबिगर वाडा असतोय व्हय?"

कुत्रं मी विसरलो होतो. संपादकांच्या नजरेतून, दोन समीक्षकांच्या नजरेतून ते निसटलं होतं. मी अवकाशातल्या पोकळीचा विचार केला होता, गुरुत्वाकर्षणाचा केला होता, पण मेंढपाळाला कुत्र्याशिवाय दुसऱ्या ग्रहावर पाठवलं होतं. आक्कांना यानाचं, चंद्रांचं, हिरव्या माणसांचं काही नवल वाटत नव्हतं. मुलूख नवीन, माणसं नवीन, भाषा कळत नाही, हे तर त्यांचं दर वर्षीचंच होतं. त्यांचा प्रश्न एवढाच होता की तिथं चारा कसा आहे आणि रानाचा मालक बरा आहे का.

आणि मग ती भानगड झाली. बिराभाऊ दिवसभर मेंढरांमागं असत, त्यामुळे वाचन त्यांच्या कानावर तुकड्यातुकड्यानं पडलं. माणचा कुणी कोंडीबा, माळावरनं सव्वाशे मेंढरांसकट त्याला उचलून नेलं, घरची वाट बघत आहेत, एवढं त्यांनी ऐकलं. कुणी उचललं, हे विचारायला ते थांबले नाहीत. मेंढपाळांत एक रीत आहे. कुणाचं जनावर चुकलं, कुणी माणूस वाटेत मागं राहिला, तर वाड्यावाड्यानं सांगावा जातो. पाणवठ्यावर भेटलेला मेंढपाळ पुढच्या वाड्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. फोन आले तरी ती रीत सुटलेली नाही, कारण फोन चार्ज नसतो आणि पाणवठा चुकत नाही. बिराभाऊंनी पाणवठ्यावर सांगावा दिला.

वाचनाच्या चौथ्या दिवशी दुपारी माझ्या अंगणात दोन अनोळखी मेंढपाळ येऊन उभे राहिले. एक म्हातारा, एक तिशीतला. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. पार तासगावच्या बाजूनं चालत आले होते.

"कोंडीबाची खबर तुमच्याकडं लागल म्हनले. घावला का त्यो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तोवर दुसरा म्हणाला, "औंधाच्या अंगाला एक एकला माणूस बघितला म्हनं कुणी. मेंढरं न्हवती त्याच्यासंगं. म्हनून म्हनलं इचारावं, कुठल्या वाडीचा हाय त्यो, उंची किती, घोंगडं कसलं."

मला हसू यायला हवं होतं. माझ्या पुस्तकातल्या कुठल्याही विनोदापेक्षा हा विनोद चांगला होता. पण त्यांच्या पायांकडे बघून मला हसू फुटेना. मी पुस्तक आणून दाखवलं आणि म्हटलं, "आवं, गोष्ट हाय ती. पुस्तकातली. मी लिवलेली."

म्हाताऱ्यानं मुखपृष्ठावरच्या यानाकडं बराच वेळ बघितलं.

"म्हंजी माणूस हरवलाच न्हाई?"

"न्हाई."

"मग लय चांगलं झालं," तो म्हणाला. तांब्याभर पाणी प्याला, उरलेलं तोंडावर मारलं आणि दोघं आल्या वाटेनं निघून गेले. रागावले नाहीत, थट्टा केली नाही, काही नाही. कुणी हरवलं नाही, हे ऐकायला माणसं एवढं चालून आली होती. माझ्या लिहिण्यासाठी इतकं अंतर कुणीही, कधीही चाललेलं नाही.

आक्कांना कळलं तेव्हा त्या बिराभाऊंना बोलल्या आणि मग इतकं हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसायला लागलो. तशा त्या थांबल्या.

"हसू नगा मास्तर. सांगावा म्होरं गेला. त्यो काय आता म्हागारी येत न्हाई. कुठं कुठं पोचला आसंल, देवाला ठावं. आता तुमीच कोंडीबाला घरी आणा."

"कसा आणू? यान रस्ता विसरलंय."

"त्ये मला नगा सांगू. न्हेलाय तुमी, आणायचा बी तुमीच."

दुसऱ्या दिवशी वाडा उठला. रानात फक्त चुलीचे तीन काळे दगड राहिले आणि लेंड्यांनी काळं पडलेलं रान. पुस्तक आक्का घेऊन गेल्या. त्या वर्षीचा ऊस भलताच चांगला आला.

पुढची दोन वर्षं आक्का माघात आल्या. घोडीचा लगाम हातात असतानाच, बांधावरूनच विचारायच्या, "आला का?" मी म्हणायचो, "वाटेत हाय." "कुठवर आलाय?" मी खोटं खोटं सांगायचो, "चंद्राच्या अलीकडं." घरी सुनंदा म्हणायची, कोंडीबापेक्षा तुमचा वेग कमी आहे. खरं कारण असं होतं की मला दुसरा भाग संपवायचाच नव्हता. जोवर कोंडीबा वाटेत होता तोवर आक्का विचारणार होत्या.

मग एका माघात वाडा आलाच नाही. मी रान रिकामं ठेवलं, नांगरट लांबवली. भावकीतले लोक वेड्यात काढायला लागले. शेवटी दुसऱ्या एका वाड्यावर चौकशी केली तेव्हा कळलं, बिराभाऊंच्या वाडीच्या शिवारात कॅनॉलचं पाणी पोचलं. त्यांनी मेंढरं विकली, विहीर पाडली, डाळिंब लावलं. नातवंडं आता एकाच शाळेत जातात. "लय बरं झालं," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, निदान मला तसं वाटलं.

घरी येऊन बसलो तर मन थाऱ्यावर नव्हतं. माझ्या आठवणीतला सगळ्यात सुंदर मोसम हा त्यांच्या घरी प्यायला पाणी नसण्याचा मोसम होता. मी ज्याच्यासाठी झुरतो आहे तो त्यांचा दुष्काळ आहे. उघड्यावरची चूल, कडेवरचं तापलेलं लेकरू, अनवाणी पायांखालची ढेकळं, यातलं मला काहीच टोचलं नव्हतं, कारण मी बांधावर चपला घालून उभा होतो. हे समजल्यावर ती ओढ निघून जायला हवी होती. ती गेली नाही. मला अजूनही त्या दुपारी हव्या आहेत, आणि त्या हव्या वाटतात याची लाजही वाटते. दोन्ही एकदम वाटतं. त्याच वर्षी मी दुसरा भाग लिहून संपवला. कोंडीबाला घरी आणलं. माळावर पाणी आलेलं दाखवलं, घराला छप्पर दाखवलं. सांगलीचे ते गृहस्थ म्हणतात ते खोटं नाही. लेखकाला कुणाची तरी आठवण येत होती.

माझा एक जुना विद्यार्थी दहिवडीच्या बाजूला एस.टी.त कंडक्टर आहे. दिवाळीत त्याच्या हाती आक्कांना पुस्तक पाठवलं. "हातात दिलं सर, त्यांनी लगेच उघडलं," एवढा त्याचा निरोप आला. मग काहीच नाही. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. वाईचे गुरुजी बोलले, साताऱ्याची मुलगी बोलली, सांगली बोलली. जिनं कोंडीबाला आणायला सांगितलं होतं ती एक अक्षर बोलली नाही. आवडलं नसेल? वाचलंच नसेल? मी आणलेला कोंडीबा त्यांचा नसेलच, असंही मनात येऊन गेलं. प्रात्यक्षिक परीक्षा आटोपल्या आणि मागच्या रविवारी मी मोटारसायकल काढली. विट्यावरून मायणी, मायणीवरून दहिवडी, तिथून पुढं विचारत विचारत.

घर स्लॅबचं, निळ्या रंगाचं. समोर डाळिंबाची बाग. वाघर पालेभाजीच्या वाफ्यावर टाकलेली होती, कोंबड्या शिरू नयेत म्हणून. आक्का अंगणात कांदे निवडत होत्या. केस पांढरे झाले होते, अंगानं भरल्या होत्या. मला बघून झटक्यात उठल्या.

"आगं बया, मास्तर! किती वाळलासा!"

पाणी झालं, चहा झाला, सुनंदाची चौकशी झाली. नातवंडांचे शाळेचे फोटो बघून झाले. मी भिंतीवरच्या फळीकडे बघत होतो. दोन्ही भाग तिथं शेजारी शेजारी होते, कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर घातलेले. दुसऱ्याचे कोपरे मऊ पडले होते. वाचलेल्या पुस्तकाचे पडतात तसे.

"वाचलंत?"

"दोन बार."

"मग?"

त्यांनी पुढ्यातले कांदे बाजूला सारले. मी दहावीच्या निकालाला बसलेल्या पोरासारखा बसलो होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

"पाणी येळच्या येळी पाजलंय. ब्येस. त्या हिरव्या लोकास्नी रडाय लावलं, त्ये बी ब्येस. आमी समदी हसलो." मग त्यांनी बागेच्या पलीकडे हात केला. "त्ये बघा."

डाळिंबाच्या पलीकडे कॅनॉलच्या भरावावर बिराभाऊ बसले होते. उन्हात, एकटे, पाठमोरे. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी.

"हितनं तीस पावलं हाय घर. ताट हाय, पंखा हाय. पर रोज दुपारी भाकरी बांधून दे म्हंतोय. तितं जाऊन खातोय आन म्हागारी येतोय." त्यांनी पदरानं हात पुसले. "वंगाळ काय न्हाई मास्तर. लेकरं शिकत्यात, पायाला चटका न्हाई. कुणी म्हनलं पुन्यांदा हिंडाय चला, तर म्या न्हाई जायची. ह्यो बी न्हाई जायचा."

"मग पुस्तकात काय चुकलं, आक्का?"

"चुकलं न्हाई. शेवटच्या पानावर तुमी त्याला घराच्या दारात बसवलासा. बायकूनं पाणी दिलं, त्यो प्याला, आन तुमी पुस्तक मिटलंत. लय ग्वाड वाटलं मला. मग म्या पान उलटलं. म्होरं कायच न्हाई, कोरं पान." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "दुसऱ्या दिशी सकाळी उठून त्यो काय करतोय?"

मी मान वळवून बागेपलीकडे बघितलं.  भरावावर बिराभाऊंनी फडकं झटकलं, पण उठले नाहीत.

"तुमाला बी ठावं न्हाई व्हय," आक्का म्हणाल्या, कांद्याचा पुढचा वाटा ओढून घेत. "तुमी लिवणारी माणसं. तुमाला ठावं आसंल, आसं वाटलं हुतं आमाला."